‘कमेन्शरट’ : वाचताना कळतो, लिहिताना अडतो त्या शब्दाचा वापर

‘सॅलरी कमेन्शरट विथ एक्स्पीरिअन्स.’ नोकरीच्या जाहिरातीतली ही ओळ वाचून सहसा कोणी अडत नाही. अनुभव पाहून पगार ठरवतील, एवढं समजतं आणि माणूस पुढे जातो. अडायला होतं ते स्वतः लिहिताना. अर्जात, अहवालात किंवा प्रबंधात हा शब्द घालायचा म्हटलं की शंका सुरू होतात. पुढे ‘विथ’ की ‘टू’? नामाच्या आधी ठेवायचा की नंतर? ‘इक्वल’ किंवा ‘प्रपोर्शनल’ लिहिलं तर कुठे बिघडतं? आणि मुळात म्हणायचा कसा?

औपचारिक इंग्रजी विशेषणं शिकण्याची आपली नेहमीची रीत म्हणजे वहीत शब्द लिहायचा, समोर एक मराठी प्रतिशब्द लिहायचा आणि जोडी पाठ करायची. ‘कमेन्शरट म्हणजे अनुरूप’ ही जोडी शब्दकोशाच्या हिशेबाने चुकीची नाही. पण मराठीत आपण ‘प्रसंगाला अनुरूप कपडे’ असंही म्हणतो, आणि तिथे इंग्रजीत ‘कमेन्शरट’ घातला तर वाचणारा थबकतो. जोडी पाठ असूनही वाक्य फसतं, कारण हा शब्द कोणत्या प्रकारच्या नामांना चालतो आणि वाक्यात कुठे बसतो, हे त्या जोडीत कुठेच नसतं. म्हणून या एका शब्दाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट उलगडून पाहू. हीच रीत पुढे अशा दुसऱ्या कोणत्याही विशेषणाला लावता येते.

पायरी १ : शब्द फोडून पाहा

आधी स्पेलिंग. अक्षरं १२ : सी-ओ-एम, एम-ई-एन-एस-यू-आर, ए-टी-ई. असे तीन तुकडे करून लिहिलं तर चूक होत नाही. पहिला तुकडा ३ अक्षरांचा, मधला ६ अक्षरांचा, शेवटचा पुन्हा ३ अक्षरांचा. लोक चुकतात दोनच ठिकाणी : एक ‘एम’ गाळतात, किंवा ‘एस’च्या जागी ‘सी’ लिहितात. तुकडे माहीत असले की दोन्ही चुका आपोआप टळतात, कारण पहिला ‘एम’ ‘कॉम’चा आहे आणि दुसरा ‘मेन्सुरा’चा.

‘कॉम’ हा लॅटिन उपसर्ग, अर्थ ‘सह’, ‘एकत्र’. ‘मेन्सुरा’ म्हणजे माप. दोन्ही मिळून अर्थ झाला ‘एकाच मापाने मोजलेलं’. रोजच्या वापरातला ‘मेझर’ हा शब्द याच ‘मेन्सुरा’तून आला. ‘डायमेन्शन’ आणि ‘इमेन्स’ हेही याच घरातले. ‘इमेन्स’चा मूळ अर्थ ‘न मोजलेलं’, म्हणून अफाट.

मराठी माणसाला हे घराणं परकं वाटायचं कारण नाही. लॅटिनमधला मोजण्याचा धातू आणि संस्कृतातला ‘मा’ हा मोजण्याचा धातू एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. त्या ‘मा’पासून आपल्याकडे मात्रा, परिमाण, प्रमाण आणि मान हे शब्द आले. इथला मान म्हणजे माप, ‘तापमान’मधला. मानसन्मानातला मान वेगळ्या धातूचा. हा ‘मान’ लक्षात ठेवा, तो थोड्या वेळाने फार उपयोगी पडणार आहे.

गणितात या शब्दाचा सख्खा भाऊ आहे, ‘कमेन्शरेबल’. युक्लिड या प्राचीन ग्रीक गणितज्ञाच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या दहाव्या भागाची सुरुवातच या कल्पनेने होते : दोन राशी एकाच मापाने पुऱ्या मोजता आल्या, तर त्या कमेन्शरेबल. ६ एकक आणि ९ एकक लांबीच्या दोन काठ्या घ्या. ३ एककांची पट्टी पहिल्या काठीत बरोबर दोनदा बसते, दुसरीत तीनदा. जोडी जमली. आता चौरसाची बाजू आणि त्याचा कर्ण घ्या. दोघांतही पूर्ण संख्येने बसेल अशी पट्टी कितीही लहान केली तरी सापडत नाही, कारण त्यांचं गुणोत्तर २ चं वर्गमूळ आहे आणि ती अपरिमेय संख्या आहे. आपल्या विशेषणात ही काटेकोर गणिती शिस्त उरलेली नाही. अनुभवाच्या वर्षांनी पगाराला भागून कोणी बघत नाही. पण दोन गोष्टी त्यात टिकून राहिल्या आहेत : बाजू दोन असतात, आणि दोन्ही मोजता येण्यासारख्या असतात. पुढच्या जवळपास सगळ्या चुका यापैकी एक गोष्ट विसरल्याने होतात.

पायरी २ : उच्चार पक्का करा

ब्रिटिश उच्चार ‘कमेन्शरट’च्या जवळ जातो, अमेरिकन उच्चार ‘कमेन्सरट’च्या. दोन्ही बरोबर, पण एकाच बोलण्यात मिसळू नयेत. जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘मेन्’वर. पहिला ‘क’ हलका, जवळजवळ गिळलेला. त्याला ‘कॉ’ करू नये. शेवटचं ‘रट’ही तसंच हलकं.

आपण घसरतो ते शेवटी. स्पेलिंग ‘ए-टी-ई’ने संपतं म्हणून ‘कमेन्शरेट’ म्हटलं जातं. इंग्रजीत या शेपटीची एक सवय आहे : तोच शब्द क्रियापद असला की शेवटी ठसठशीत ‘एट’ ऐकू येतो, विशेषण किंवा नाम असला की तो विरघळून ‘अट’ किंवा ‘इट’ होतो. ‘सेपरेट’ म्हणजे वेगळं करणे आणि ‘सेप्रट’ म्हणजे वेगळा. ‘मॉडरेट’ आणि ‘मॉडरट’, ‘एस्टिमेट’ आणि ‘एस्टिमट’ या जोड्याही तशाच. आपला शब्द आजच्या इंग्रजीत विशेषण म्हणूनच वापरतात, म्हणून शेवट ‘अट’.

याचा एक फायदा असा, की दिसायला याच्याशी मिळताजुळता असलेला ‘कमिझरेट’ कानाने लगेच वेगळा ओळखता येतो. तो क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ कोणाच्या दुःखात सहानुभूती दाखवणे. त्याच्याही मागे ‘विथ’ येतं, म्हणूनच गोंधळ होतो. ‘सॅलरी कमिझरेट विथ एक्स्पीरिअन्स’ अशी ओळ टंकली गेली, तर पगार अनुभवाचं सांत्वन करतोय असा अर्थ होतो. संगणकाची स्पेलिंग-तपासणी ती पकडेलच असं नाही, कारण शब्द खरा आहे.

पायरी ३ : दोन पारडी ओळखा

आता खरा अर्थ. ‘अ’ ही गोष्ट ‘ब’शी कमेन्शरट आहे, म्हणजे ‘ब’ जेवढी मोठी, महत्त्वाची, कठीण किंवा गंभीर आहे, त्याला शोभेल एवढीच ‘अ’ आहे. कमी नाही, जास्त नाही. मराठीत याचे पर्याय वाक्यागणिक बदलतात. अनुभवानुसार वेतन, गुन्ह्याच्या गांभीर्याला साजेशी शिक्षा, जोखमीच्या प्रमाणात परतावा. तीनही ठिकाणी इंग्रजीत हाच एक शब्द बसतो.

पण रोजच्या बोलण्यात या कल्पनेला आपण सर्वात जास्त वापरतो ते रूप म्हणजे ‘च्या मानाने’. ‘कामाच्या मानाने पगार कमी आहे’ हे वाक्य औपचारिक इंग्रजीत नेताना ‘द पे इज नॉट कमेन्शरट विथ द वर्क’ होतं. तोच तो मोजण्याचा ‘मान’. मात्र इथे एक फरक आहे. ‘च्या मानाने’ आपण बहुतेक वेळा तफावत दाखवायला वापरतो : वयाच्या मानाने उंच, खर्चाच्या मानाने दर्जा सुमार. ‘कमेन्शरट’चा स्वतःचा अर्थ मात्र ‘मेळ आहे’ असा. म्हणून मराठी वाक्यात ‘च्या मानाने कमी’ असेल, तर इंग्रजीत ‘नॉट’ लागतो. ‘च्या मानाने योग्य’ असेल, तर नुसता ‘कमेन्शरट’ पुरतो. ‘वयाच्या मानाने उंच’ला हा शब्द मुळीच लागत नाही, तिथे साधं ‘टॉल फॉर हिज एज’.

दोन पारड्यांपैकी एक स्थिर असतं आणि दुसरं त्याच्याकडे बघून कमीजास्त केलं जातं. ‘विथ’च्या पुढे येतं ते स्थिर पारडं. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण इंग्रजीत समजावून सांगायची झाली, तर ‘युवर स्पेंडिंग शुड बी कमेन्शरट विथ युवर इन्कम’ असं लिहिता येईल. अंथरूण म्हणजे उत्पन्न, ते आहे तेवढं आहे, म्हणून ते ‘विथ’च्या पुढे. पाय आवरता येतात, म्हणून खर्च आधी. हेच उलटं लिहिलं, ‘युवर इन्कम शुड बी कमेन्शरट विथ युवर स्पेंडिंग’, तर खर्च ठरलेला आणि कमाई त्याच्या मागे धावणारी, असा अगदी वेगळा सल्ला होतो. व्याकरण दोन्हींत निर्दोष आहे, म्हणून ही चूक तपासणीत सापडत नाही. लिहून झाल्यावर स्वतःला विचारायचं : यातलं अंथरूण कोणतं? ते ‘विथ’नंतर आलं आहे ना?

दुसरी कसोटी ‘किती’ची. दोन्ही नामांना ‘किती’ किंवा ‘केवढा’ हा प्रश्न लावा. पगार किती? अनुभव किती? जोखीम केवढी? जबाबदारी केवढी? सगळे चालतात. ‘हिज बिहेव्हिअर वॉज कमेन्शरट विथ द रूल्स’ या वाक्यात मात्र प्रश्न लटकतो. नियम केवढे? वागणं किती? नियमाला माप नसतं. तो पाळला जातो किंवा मोडला जातो. इथे ‘इन अकॉर्डन्स विथ’ हवं. ‘प्रसंगाला अनुरूप कपडे’ इथेच पडतात. कपड्यांना शोभा असते, मात्रा नसते. तिथे ‘सूटेबल फॉर’ किंवा ‘अप्रोप्रिएट टू’ म्हणावं.

पायरी ४ : वाक्यातली जागा

या विशेषणाला वाक्यात बसायला तीन जागा आहेत, आणि मराठीच्या सवयीने आपण नेमकी चौथी, नसलेली जागा शोधतो.

पहिली जागा ‘बी’ क्रियापदाच्या पुढे. ‘द पनिशमेंट शुड बी कमेन्शरट विथ द ग्रॅव्हिटी ऑफ द ऑफेन्स.’ शिक्षा गुन्ह्याच्या गांभीर्याच्या प्रमाणात असावी. ही सर्वात सोपी आणि सुरक्षित जागा. शंका आली की हीच निवडावी.

दुसरी जागा नामाच्या लगेच मागोमाग, ‘विथ’ची शेपटी घेऊन. ‘वुई ऑफर अ सॅलरी कमेन्शरट विथ एक्स्पीरिअन्स.’ गोंधळ होतो तो इथे. मराठीत ‘अनुभवाला साजेसा पगार’ म्हणताना सगळं विशेषण नामाच्या आधी येतं. तोच क्रम इंग्रजीत आणला की ‘अ कमेन्शरट विथ एक्स्पीरिअन्स सॅलरी’ तयार होतं, ते इंग्रजीत बसत नाही. त्याहून फसवी चूक म्हणजे ‘अ कमेन्शरट सॅलरी विथ एक्स्पीरिअन्स’. ती वरवर बरोबर वाटते, पण ‘विथ’ आता ‘सॅलरी’ला चिकटतं आणि कंपनी पगारासोबत अनुभवही देते असा भास होतो. नियम असा : विशेषणाला मागे शेपटी असली, की ते शेपटीसकट नामाच्या मागे जातं. ‘अ बॅग फुल ऑफ बुक्स’ म्हणताना आपण हे न शिकताच बरोबर करतो. ‘अ फुल ऑफ बुक्स बॅग’ कोणी म्हणत नाही.

तिसरी जागा नामाच्या आधी, पण शेपटीशिवाय. ‘द वर्कलोड डबल्ड, बट देअर वॉज नो कमेन्शरट इन्क्रीज इन स्टाफ.’ काम दुप्पट झालं, पण त्या मानाने माणसं वाढली नाहीत. इथे ‘विथ’ कुठे गेलं? ते गेलेलं नाही, आधीच्या अर्ध्या वाक्यात पडून आहे. वाचणारा ‘कमेन्शरट’पाशी आला की मागे वळून ‘कशाच्या मानाने?’ विचारतो आणि त्याला ‘वर्कलोड डबल्ड’ सापडतं. मराठीत हे काम ‘त्या मानाने’मधलं ‘त्या’ करतं. म्हणून ही जागा तेव्हाच वापरायची जेव्हा दुसरं पारडं आधी येऊन गेलेलं असतं. पत्राच्या पहिल्याच ओळीत ‘वुई नीड अ कमेन्शरट बजेट’ लिहिलं, तर मागे वळून पाहायला काहीच नसतं. ही जागा साधते ती वाढ, घट, अधिकार, जबाबदारी, मोबदला अशा नामांसोबत, आणि बऱ्याचदा ‘नो’ किंवा ‘विदाउट’च्या संगतीत. तक्रार करायला हा शब्द इंग्रजीत फार सोयीचा आहे, हे वृत्तपत्रं आणि अहवाल वाचताना पुन्हा पुन्हा दिसेल.

आता नसलेली चौथी जागा : क्रियापद. ‘द सॅलरी कमेन्शरेट्स विथ एक्स्पीरिअन्स’ हे वाक्य खूप दिसतं. ‘कॉरिलेट्स विथ’सारखी शेपटी पाहून हात तिकडे वळतो. आजच्या इंग्रजीत हे चालत नाही. ‘इज’ टाका आणि शेवटचा ‘एस’ काढा.

क्रियाविशेषण मात्र आहे आणि ते उपयोगीही आहे : ‘कमेन्शरटली’. ‘द रिस्क इज हायर, अँड द रिटर्न्स आर कमेन्शरटली हायर.’ ‘नेस’ लावून केलेलं भाववाचक नाम शब्दकोशात सापडतं, पण ते वापरलं की वाक्य जड होतं, टाळलेलं बरं. ‘व्हेरी कमेन्शरट’ही नको. मेळ असतो किंवा नसतो. तो थोडाफार आहे असं म्हणायचं असेल तर ‘ब्रॉडली’, पुरता आहे म्हणायचं तर ‘फुली’, जेमतेमही नाही म्हणायचं तर ‘हार्डली’.

पायरी ५ : ‘विथ’वर हात बसवा

शब्दासोबत ‘विथ’ येतं, हे वेगळं पाठ करायची गरज नाही. मराठीतला ‘शी’ धरा. अनुभवाशी सुसंगत, जबाबदारीशी मेळ खाणारा. ‘शी’ म्हणजे ‘विथ’. पण मनात ‘अनुभवाला साजेसा’ आलं की ‘ला’चं ‘टू’ होतं, आणि ‘अनुभवानुसार’ आलं की ‘अ‍ॅज पर’ लिहिलं जातं. ‘कमेन्शरट टू’ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या लिखाणातही अधूनमधून सापडतं. तरी औपचारिक कागदावर ‘विथ’च लिहावं, कारण त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. ‘कमेन्शरट अ‍ॅज पर’ मात्र सरळ चूक. ‘इन कमेन्शरट विथ’ हीसुद्धा चूकच. ‘इन अकॉर्डन्स विथ’ आणि ‘इन प्रपोर्शन टू’ डोक्यात घोळत असताना तिघांचं कडबोळं होतं आणि ते असं बाहेर पडतं.

‘विथ’च्या पुढे काय ठेवता तेही तपासा. ‘हर ड्यूटीज आर कमेन्शरट विथ अ मॅनेजर’ या वाक्यात कामांचा मेळ माणसाशी घातला आहे. तराजूच्या एका पारड्यात कामं, दुसऱ्यात अख्खा मॅनेजर बसवलेला! हवं आहे ‘विथ दोज ऑफ अ मॅनेजर’. मराठीत ‘मॅनेजरच्या तोडीची कामं’ म्हटलं की ‘च्या’ हे काम गुपचूप करून टाकतो, म्हणून इंग्रजीत ‘दोज ऑफ’ राहून जातं. एकवचनी नाम असेल तर ‘दॅट ऑफ’.

पायरी ६ : शेजाऱ्यांपासून वेगळा करा

‘इक्वल’ म्हणजे तेवढंच. दोन्ही बाजू एकाच एककात मोजता आल्या पाहिजेत. पगार आणि अनुभव ‘इक्वल’ असूच शकत नाहीत, कारण एक पैशांत आणि दुसरा वर्षांत. ‘कमेन्शरट’ची खुबी अशी, की तो भिन्न जातीच्या गोष्टींचा मेळ घालतो.

‘प्रपोर्शनल’ गणिताच्या जवळचा. एक दुप्पट झालं तर दुसरं दुप्पट, असं ठरलेलं गुणोत्तर तो सुचवतो. अनुभव ५ वर्षांवरून १० वर्षांवर गेला म्हणून पगार दुप्पट व्हायलाच हवा, असं ‘कमेन्शरट’ कुठेही म्हणत नाही. त्यात माणसाच्या न्यायबुद्धीला जागा आहे. करारात किंवा सूत्रात ठोस गुणोत्तर अभिप्रेत असेल, तर ‘कमेन्शरट’ लिहून मोकळं होऊ नये. उद्या वाद झाला तर तो शब्द आकडा सांगणार नाही.

‘प्रपोर्शनेट’ हा खरा जुळा भाऊ. पुष्कळ वाक्यांत दोघांची अदलाबदल करता येते, फक्त त्याच्या मागे ‘टू’ येतं. वापराचा कल थोडा वेगळा आहे. बळाचा वापर, प्रत्युत्तर, निर्बंध यांच्याबद्दल लिहिताना ‘प्रपोर्शनेट’ जास्त दिसतो, कारण तिथे चिंता ‘अती होऊ नये’ ही असते. मोबदला, दर्जा, अधिकार यांच्याबद्दल ‘कमेन्शरट’, कारण तिथे चिंता बहुतेकदा ‘कमी पडू नये’ ही असते.

‘कम्पेरेबल’ एकाच जातीच्या दोन गोष्टींना लागतो : या पगाराशी तो पगार. ‘कन्सिस्टंट विथ’ म्हणजे विसंगत नसलेलं, त्यात मापाचा प्रश्न नाही. ‘अ‍ॅडिक्वेट’ म्हणजे पुरेसं. पुरेसा पगार घर चालवतो, कमेन्शरट पगार कामाला न्याय देतो. दोन्ही एकच असतील असं नाही.

उलट अर्थासाठी तीन वाटा आहेत. ‘नॉट कमेन्शरट’ सर्वात शांत. ‘डिसप्रपोर्शनेट’मध्ये रोख असतो, प्रमाणाबाहेर गेल्याचा आरोप असतो. ‘इन्कमेन्शरट’ कमी वापरात आहे, वाचताना ओळखता आला तरी पुरे. ‘इन्कमेन्शरेबल’ मात्र यांच्यात धरू नका. तो तत्त्वज्ञानात आणि गणितात वापरतात आणि त्याचा अर्थ ‘समान मापच नसलेलं’ असा आहे.

पायरी ७ : दुसऱ्याने लिहिलेलं वाचताना

जाहिरातीतली ती ओळ पुन्हा पाहा. ‘सॅलरी कमेन्शरट विथ एक्स्पीरिअन्स’मध्ये पगार चांगला आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. आकडा जाहीर करायचा नाही, समोरचा उमेदवार पाहून ठरवायचा आहे, एवढंच त्यातून कळतं. अनुभव कमी असेल तर हीच ओळ पगार कमी ठेवायचं कारण ठरते. ‘कॉम्पिटिटिव्ह सॅलरी’ ही शेजारची ओळ वेगळी. ती बाजारभावाशी तुलना करते, तुमच्याशी नाही.

कराराच्या किंवा धोरणाच्या मसुद्यात हा शब्द दिसला तर दोन प्रश्न लगेच विचारा : स्थिर पारडं कोणतं, आणि मेळ बसला की नाही हे कोण ठरवणार? ‘सिक्युरिटी मेझर्स कमेन्शरट विथ द रिस्क’ या शब्दरचनेत जोखीम किती आहे याचा अंदाज ज्याच्या हातात, उपाय किती करायचे हेही त्याच्याच हातात.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक सूचना. हा शब्द आला की दर वेळी ‘समानुपाती’ लिहू नका. तो ‘प्रपोर्शनल’ला ठेवा. नोकरीच्या संदर्भात ‘अनुभवानुसार’, कायद्याच्या संदर्भात ‘गांभीर्याच्या प्रमाणात’, साध्या गद्यात ‘त्या मानाने’ किंवा ‘तोलामोलाचा’. विशेषणाचं विशेषणच झालं पाहिजे, असा हट्ट मराठीत चालवला की वाक्य सरकारी परिपत्रकासारखं वाजतं.

पायरी ८ : सराव

शब्दकोशात नोंद उघडली की अर्थाआधी तीन गोष्टी बघा : ‘फॉर्मल’ अशी खूण आहे का, कंसात कोणतं शब्दयोगी अव्यय दिलं आहे, आणि उदाहरणांत शब्द नामाच्या आधी आहे की नंतर. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत हे सगळं मोफत दिसतं आणि उच्चारही ऐकता येतो. आणखी खोलात जायचं असेल तर ‘कॉर्पस ऑफ कन्टेम्पररी अमेरिकन इंग्लिश’ हा १९९० ते २०१९ मधल्या मजकुराचा १०० कोटींहून अधिक शब्दांचा साठा आहे. शोधपट्टीत शब्द टाकून पुढे एक जागा सोडून तारांकन द्या. शब्दाच्या पुढे काय काय येतं याची यादी मिळते आणि ‘विथ’ सर्वात वर दिसतं. तारांकन आधी देऊन शोधलं की मागची संगतही कळते.

वहीत नुसता प्रतिशब्द न लिहिता अख्खा तुकडा लिहा : ‘कमेन्शरट विथ’, खाली आपल्या कामातलं एक वाक्य. तुकडा झाकून वाक्य आठवायचं, त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. तिन्ही जागांचं एकेक वाक्य स्वतः लिहिल्याशिवाय शब्द आला असं समजू नका.

आता काही वाक्यं तपासू. उत्तर वाचण्याआधी प्रत्येकाला ‘अंथरूण कोणतं’ आणि ‘किती’ हे दोन प्रश्न लावून बघा.

‘द फी इज कमेन्शरट टू द सर्व्हिस.’ ‘टू’चं ‘विथ’ करा. पारडी ठीक आहेत.

‘पद वाढलं, पण त्या मानाने अधिकार वाढले नाहीत.’ इंग्रजीत : ‘शी वॉज प्रमोटेड विदाउट अ कमेन्शरट इन्क्रीज इन अथॉरिटी.’ ‘त्या’ आहे म्हणून तिसरी जागा.

‘हिज पे इज कमेन्शरट विथ अ डायरेक्टर.’ पगाराचा मेळ पगाराशी घाला : ‘विथ दॅट ऑफ अ डायरेक्टर’. खरं तर इथे दोन्ही बाजूंना पगारच आहे, म्हणून ‘कम्पेरेबल टू’ अधिक चपखल.

‘द ट्रेनिंग मस्ट कमेन्शरेट विथ द रिस्क.’ क्रियापद नाही. ‘मस्ट बी कमेन्शरट विथ’.

‘माय लीव्ह वॉज कमेन्शरट विथ द कंपनीज पॉलिसी.’ धोरणाला ‘केवढं’ लागत नाही. ‘इन लाइन विथ’ लिहा.

आणि शेवटचं, मित्राला पाठवलेला निरोप : ‘लेट्स ऑर्डर फूड कमेन्शरट विथ अवर हंगर.’ शब्द बरोबर, ‘विथ’ बरोबर, जागा बरोबर, दोन्ही पारडी मोजता येण्यासारखी, भूक स्थिर आणि जेवण बदलतं. व्याकरणात एकही चूक नाही. फक्त मित्र विचारेल, भूक लागली आहे की निविदा काढायची आहे?